धारेचे अर्थकारण

शहरातील गल्लीबोळांत ‘धार लावायची का, धार’ अशी हाक देत फिरणारा कारागीर अद्याप पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. सायकल स्टँडवर उभी करावयाची, पट्टा चढवावयाचा आणि पायडल मारीत पुढे बसविलेले चाक फिरवावयाचे, एवढीच त्याची यंत्रसामग्री. विळी किंवा कात्री त्या चाकाला टेकताच ठिणग्यांचा झोत निघतो आणि दोन-चार मिनिटांत काम होते. या व्यवहारात कोणतीही नवी वस्तू निर्माण झालेली नसते. उलट, विळीचे थोडेसे पोलाद कायमचे नष्ट झालेले असते. तरीही मालकाच्या दृष्टीने विळीची उपयुक्तता वाढलेली असते आणि त्यासाठी तो आनंदाने पैसे मोजतो.

हीच क्रिया लुधियाना, राजकोट, कोईमतूर किंवा पुणे येथील लहान यंत्रशाळांत दिवसातून अनेकदा घडते. लेथवरील टर्नर हत्यार बोथट झाले की ते काढतो, कोपऱ्यातील ग्राइंडरवर घासतो आणि पुन्हा यंत्राला बसवतो. या काही मिनिटांची नोंद कोणत्याही ताळेबंदात स्वतंत्रपणे होत नाही. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही किरकोळ किमतीची व नियमितपणे विकत घ्यावी लागणारी हत्यारे स्थिर भांडवलात न धरता मध्यवर्ती उपभोगात धरण्याची मुभा आहे. त्यांची धार लावण्याचा खर्च तर दुरुस्ती म्हणून मध्यवर्ती उपभोगातच जमा होतो. त्यामुळे भांडवलनिर्मितीच्या आकड्यांत ही क्रिया दिसत नाही. परंतु धातू कापणाऱ्या प्रत्येक यंत्राची उत्पादकता अखेरीस हत्याराच्या टोकावरील अंशभर मिलिमीटर रुंदीच्या कडेवर अवलंबून असते. ही कड केव्हा, कशी आणि कोणी नव्याने तयार करावयाची, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

पोलादाचे पाणी

पोलाद कठीण करण्याच्या क्रियेला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात आणि कठीणपणा गेला की हत्याराचे ‘पाणी उतरले’ असे म्हटले जाते. लोहाराच्या भात्याजवळ जन्मलेला हा शब्दप्रयोग शास्त्रीयदृष्ट्याही नेमका आहे. साधे कार्बन पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम थंड केले, की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि ते अत्यंत कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. हा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान बेताने तापवतात. या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या रंगांवरून जुने कारागीर तापमान ओळखत. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, मग तपकिरी, पुढे जांभळा आणि ३०० अंशांच्या जवळ निळा.

धार लावताना पटाशीची कड निळी पडली, याचा अर्थ त्या ठिकाणचे पाणी उतरले. ती कड दिसावयास तीक्ष्ण असते, परंतु लाकडाला लागताच वळते. निळा भाग पूर्णपणे घासून काढण्यावाचून त्यावर उपाय नसतो. काही सेकंदांच्या घाईची किंमत म्हणून पटाशीची काही मिलिमीटर लांबी जाते.

ही मर्यादा ओलांडणारे पोलाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाले. बेथलहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ ते १९०० या काळात केलेल्या प्रयोगांतून विकसित झालेले ‘हाय स्पीड स्टील’ १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा हत्याराचे टोक तापून लाल झालेले असतानाही ते धातू कापत असल्याचे प्रेक्षकांनी पाहिले. पुढे प्रमाणभूत ठरलेल्या त्याच्या एका प्रकारात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम-२’ या प्रकारात टंगस्टन सुमारे ६ टक्के आणि मॉलिब्डेनम सुमारे ५ टक्के असते. हे पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा टिकवून धरते. त्याहून कठीण असे टंगस्टन कार्बाइड १९२० च्या दशकात जर्मनीतून पुढे आले.

या तिन्हींच्या स्वभावातील फरक धार लावताना लक्षात घ्यावा लागतो. कार्बन पोलाद वारंवार पाण्यात बुडवून थंड ठेवावे लागते. हाय स्पीड स्टील थोडे तापले तरी बिघडत नाही, परंतु खूप तापलेले टोक एकाएकी पाण्यात बुडवले तर त्यावर डोळ्यांना न दिसणारे तडे पडतात. कार्बाइडला तर तापल्यावर पाण्याचा स्पर्शही सोसत नाही. एकाच ग्राइंडरशेजारी ठेवलेले पाण्याचे एकच भांडे तिन्ही हत्यारांसाठी वापरणे ही लहान यंत्रशाळांतील नित्याची चूक आहे. तडा गेलेले हत्यार काही तासांनी यंत्रावर मोडते, तेव्हा दोष मात्र पोलादाच्या प्रतीला दिला जातो.

मऊ चाक, कठीण हत्यार

ग्राइंडिंग व्हील, म्हणजेच अपघर्षक चाक, हा अखंड दगड नसतो. असंख्य टोकदार कण, त्यांना बांधून ठेवणारा बंध आणि मधल्या मोकळ्या जागा यांनी ते बनलेले असते. पोलादासाठी बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत तयार केलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरतात. कार्बाइडसाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइड किंवा हिरा लागतो. सर्वांत कठीण पदार्थ असूनही हिरा पोलादासाठी मात्र योग्य ठरत नाही. हिरा हा शुद्ध कार्बन असल्याने उच्च तापमानाला तो लोखंडात विरघळू लागतो आणि लवकर झिजतो.

चाकावर छापलेला ‘ए ६० के ५ व्ही’ यासारखा संकेत वाचता येणे हे या विषयातील पहिले कौशल्य होय. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. ‘६०’ हा आकडा कणांचा आकार सांगतो आणि तो जितका मोठा तितके कण बारीक. ‘के’ ही बंधाची श्रेणी, ‘५’ ही कणांमधील अंतराची खूण आणि ‘व्ही’ म्हणजे भाजलेल्या मातीसारखा काचीभूत बंध. बंधाची श्रेणी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने मऊपासून कठीणपर्यंत वाढत जाते.

येथे परीक्षार्थींचा हमखास गोंधळ होतो. कठीण हत्यारासाठी मऊ चाक निवडावे आणि मऊ धातूसाठी कठीण, असा नियम आहे. कठीण पोलादावर चाकाचे कण लवकर बोथट होतात. बंध मऊ असेल तर बोथट कण वाढत्या दाबाने आपोआप गळून पडतात आणि खालचे नवे, टोकदार कण उघडे होतात. बंध कठीण असल्यास बोथट कण जागीच राहतात, चाकाचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकू लागतो आणि ते कापण्याऐवजी नुसते घासते. त्यातून उष्णता वाढते व हत्याराचे पाणी उतरते. चांगले चाक स्वतः झिजतच हत्याराला धार देते. चाक जास्त टिकावे म्हणून कठीण श्रेणीचे चाक आणणारा खरेदी अधिकारी चाकावर वाचवलेले रुपये हत्यारांवर घालवतो. चकाकलेल्या चाकाचा पृष्ठभाग ड्रेसरने खरवडून पुन्हा उघडा करणे हाच त्यावरचा तात्पुरता इलाज.

भारतात या चाकांचे उत्पादन स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले. मुंबई बंदरासमोरील उरणजवळ मोरा येथे १९४१ मध्ये निघालेल्या लहान कारखान्यातून पुढे ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी उभी राहिली, तर कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपनीची स्थापना १९५४ मध्ये मद्रास येथे ब्रिटिश व अमेरिकी कंपन्यांच्या सहकार्याने झाली.

टेलरचे गणित

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत टेलर हे नाव वैज्ञानिक व्यवस्थापनाचा जनक म्हणून येते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ संशोधन मात्र धातू कापण्याविषयी होते, हे सहसा सांगितले जात नाही. १८८० मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत सुरू झालेले हे प्रयोग २६ वर्षे चालले. १९०६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्षीय भाषणात त्यांनी निष्कर्ष मांडले, तेव्हा ३०,००० ते ५०,००० प्रयोगांची नोंद झाली होती आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद कापून काढण्यात आले होते.

त्यांतून निघालेले सूत्र आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. कापण्याचा वेग आणि हत्याराच्या आयुष्याचा ‘न’ घात यांचा गुणाकार स्थिर असतो. आयुष्य म्हणजे एकदा धार लावल्यापासून पुन्हा लावावी लागेपर्यंतचा कापण्याचा काळ. हाय स्पीड स्टीलसाठी ‘न’ची किंमत साधारणपणे ०.१ ते ०.१५ आणि कार्बाइडसाठी ०.२ ते ०.३ धरली जाते. ही किंमत लहान असल्यामुळे वेगातील किंचित वाढही धारेला महाग पडते. ‘न’ ०.१२५ असताना वेग १० टक्क्यांनी वाढवला, तर ६० मिनिटे टिकणारी धार सुमारे २८ मिनिटांतच संपते. कार्बाइडच्या बाबतीत (‘न’ ०.२५) तीच धार सुमारे ४१ मिनिटे टिकते.

मग वेग किती ठेवावा? वेग वाढवला तर नग लवकर तयार होतो, पण हत्यार बदलण्यात व धार लावण्यात वेळ आणि पैसा जातो. या दोन खर्चांची बेरीज किमान होते तेथे इष्टतम बिंदू असतो. सूत्ररूपाने, किमान खर्चाचे हत्यार-आयुष्य हे (१/न − १) आणि कंसातील दोन घटकांची बेरीज यांच्या गुणाकाराइतके असते. पहिला घटक म्हणजे हत्यार बदलण्यास लागणारी मिनिटे आणि दुसरा म्हणजे एका धारेच्या खर्चाला यंत्राच्या प्रतिमिनिट खर्चाने भागून येणारी मिनिटे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हत्यार बदलण्यास ५ मिनिटे लागतात आणि एका धारेचा खर्च २४ रुपये आहे. ‘न’ ०.१२५ असल्याने पहिला गुणक ७ येतो. एका मोठ्या कारखान्यात महागड्या यंत्राचा व त्यावरील कामगाराचा खर्च मिनिटाला २४ रुपये असेल, तर इष्टतम आयुष्य ७ × (५ + १), म्हणजे ४२ मिनिटे. एका लहान यंत्रशाळेत जुन्या लेथचा खर्च मिनिटाला ४ रुपयेच असेल, तर ते ७ × (५ + ६), म्हणजे ७७ मिनिटे येते. लहान यंत्रशाळेने हत्यार सावकाश चालवून धार जास्त टिकवणे हे मागासलेपणाचे लक्षण मानले जाते. या गणितानुसार ते तिच्या घटकांच्या किमतींना दिलेले योग्य उत्तर आहे. दोन्ही ठिकाणच्या वेगांत प्रत्यक्षात जेमतेम ८ टक्क्यांचा फरक पडतो, पण धारेच्या आयुष्यात तो ८० टक्क्यांहून अधिक आहे. श्रम महाग असलेल्या देशांत बदलून टाकून देण्याच्या कार्बाइड टिकल्यांनी धार लावण्याचे बरेचसे काम का संपवले आणि भारतीय लघुउद्योगात ते का टिकून राहिले, याचे एक कारण येथे सापडते.

या सूत्रात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. धार वेळेवर लावली जाते, असे ते मानते. हत्याराची झीज सरळ रेषेत होत नाही. नवी धार प्रारंभी थोडी भरभर झिजते, मग दीर्घकाळ संथपणे झिजते आणि शेवटी एकाएकी कोसळते. हत्याराच्या पाठीवर झिजलेल्या चकचकीत पट्ट्याची रुंदी साधारण ०.३ मिलिमीटर झाली की आयुष्य संपले, असा आंतरराष्ट्रीय मानकातील निकष आहे. संथ टप्पा संपण्यापूर्वी हत्यार काढले तर थोडे घासून भागते. त्यापुढे ताणले तर कड तुटते आणि तुटलेला सगळा भाग घासून काढावा लागतो.

समजा, हत्याराचा एकूण ६ मिलिमीटर भाग धारेसाठी उपलब्ध आहे. दर ६० मिनिटांनी काढल्यास प्रत्येक वेळी ०.२ मिलिमीटर जाईल, म्हणजे ३० धारा व एकूण १,८०० मिनिटांचे काम मिळेल. तेच हत्यार दर वेळी ७५ मिनिटांपर्यंत ताणले आणि कड तुटल्यामुळे ०.६ मिलिमीटर घासावे लागले, तर १० धारा व ७५० मिनिटेच हाती लागतील. प्रत्येक खेपेला पंधरा मिनिटे वाचवणारा टर्नर हत्याराचे निम्म्याहून अधिक आयुष्य गमावतो. मजुरी नगावर मिळत असेल आणि हत्यार मालकाचे असेल, तर त्याचे हे वागणे त्याच्यापुरते तर्कसंगतच असते. अर्थशास्त्रात ज्याला प्रोत्साहनांची विसंगती म्हणतात, तिचे याहून साधे उदाहरण शोधून सापडणार नाही.

धार कोणी लावावी?

प्रत्येक कामगाराने आपापले हत्यार स्वतः घासण्याच्या प्रथेला टेलर यांचा विरोध होता. एकाच कारखान्यात दहा टर्नर दहा वेगवेगळे कोन ठेवतात आणि कोणाच्या धारेचे आयुष्य किती, हे सांगता येत नाही, असे त्यांना आढळले होते. म्हणून हत्यारे एका स्वतंत्र कक्षात, प्रशिक्षित माणसाने, यंत्रावर व ठरलेल्या कोनांत घासावीत, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे कारण ड्रिलच्या उदाहरणाने समजते. सर्वसाधारण कामाच्या ड्रिलचा टोकाचा कोन ११८ अंश आणि कडेमागील उताराचा कोन ८ ते १२ अंश असतो. दोन्ही कडांची लांबी व कोन सारखे हवेत. एक कड किंचित लांब राहिली तर छिद्र ड्रिलच्या व्यासापेक्षा मोठे पडते. मागचा उतार कमी राहिला तर ड्रिल कापतच नाही, नुसते तापते. शिवाय ड्रिल घासून आखूड होत जाते तसा त्याचा मधला गाभा जाड होतो, म्हणून टोकाशी तो वेगळा पातळ करावा लागतो. हातात धरून, डोळ्यांच्या अंदाजाने हे सारे साधणारे कारागीर आहेत आणि त्यांचे कौशल्य पाहण्यासारखे असते. तथापि असा कारागीर नोकरी सोडून गेला की कारखान्याचे छिद्र बिघडते.

मोठ्या कारखान्याला टेलर यांचा सल्ला पाळणे सोपे आहे. पाच-सात माणसांच्या यंत्रशाळेला हत्यारे घासण्याचे स्वतंत्र यंत्र दिवसातून अर्धा तासच लागेल. संगणक-नियंत्रित यंत्राची किंमत तर कोटीच्या घरात जाते. श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते, हे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. एकट्या यंत्रशाळेला न परवडणारे विशेषीकरण शंभर यंत्रशाळांच्या वसाहतीला परवडते. त्यामुळेच औद्योगिक वसाहतींत केवळ ड्रिल, मिलिंग कटर व रीमर घासून देणारे छोटे व्यावसायिक उभे राहिले आहेत. गिअर कापणाऱ्या हॉबसारखी महाग हत्यारे तर अशा सेवेविना वापरणेच अवघड आहे.

बाजार जेथे अपुरा पडतो तेथे शासनाने हत्यारशाळांचे जाळे उभारले. हैदराबाद येथे १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने केंद्रीय हत्यार अभिकल्प संस्था सुरू झाली. त्यानंतर लुधियाना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), इंदूर व अहमदाबाद येथे जर्मन सहकार्याने, तर जमशेदपूर व भुवनेश्वर येथे डॅनिश सहकार्याने हत्यारशाळा निघाल्या. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमाखाली सामाईक सुविधा केंद्रांना अनुदान मिळते. या संस्थांचे प्रशिक्षण दर्जेदार आहे. मात्र हत्यारशाळा शहरापासून वीस किलोमीटरवर असेल, तर पन्नास रुपयांचे ड्रिल घेऊन तेथे कोणी जात नाही. साचे व डाय यांच्यासाठी ते अंतर परवडते, रोजच्या धारेसाठी परवडत नाही. ती यंत्रशाळेतच, तेथील माणसालाच लावावी लागते.

म्हणून प्रश्न पुन्हा त्या माणसाच्या प्रशिक्षणापाशी येतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नर, फिटर, यंत्रकारागीर हे व्यवसाय शिकवले जातात. त्यांत ग्राइंडरचा स्वतंत्र व्यवसायही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने प्रत्यक्ष कारखान्यातील प्रशिक्षणाची जोड दिली. हातातील धार ही पुस्तकापेक्षा उस्तादाजवळ शिकली जाते, आणि ज्या लहान यंत्रशाळेत ती सर्वाधिक लागते तेथे शिकाऊ उमेदवार क्वचितच पोहोचतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, चर्मकार यांसह १८ व्यवसायांचा समावेश आहे आणि हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. यांतील कितीतरी व्यवसाय धारेवर जगतात. धार लावणे हा व्यवसाय मात्र त्या यादीत नाही.

घासून गेलेले टंगस्टन

हाय स्पीड स्टीलच्या एम-२ प्रकारातील एक किलो हत्यारात सुमारे ६० ग्रॅम टंगस्टन असते, तर एक किलो कार्बाइडमध्ये ते साधारण ८५० ग्रॅमपर्यंत जाते. भारत या धातूसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. राजस्थानातील देगाणा येथील टंगस्टनची खाण नव्वदच्या दशकात बंद पडली. जगाच्या खाण उत्पादनातील सुमारे चार-पंचमांश वाटा एकट्या चीनचा आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने टंगस्टन व मॉलिब्डेनमसह काही धातूंच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली. भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम व कोबाल्ट हे चारही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास १६,३०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली.

या पार्श्वभूमीवर वेळेवर लावलेली धार ही आयात-पर्यायाचीच एक पद्धत ठरते. वर दिलेल्या उदाहरणात एकाच हत्याराने १,८०० मिनिटे काम केले काय आणि ७५० मिनिटे केले काय, त्यातील टंगस्टन तेवढेच खर्ची पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. कार्बाइडच्या वापरलेल्या टिकल्या भंगारात चांगल्या भावाने जातात. ग्राइंडरखाली साचणारा कीस मात्र चाकाच्या कणांत मिसळलेला असल्याने बहुधा केरात जातो. पोलादाचा आणि कार्बाइडचा कीस वेगळा ठेवणे, एवढी साधी शिस्तही बहुतेक ठिकाणी नसते.

चाकासमोरचा माणूस

हा कीस केरात जाण्यापूर्वी काही प्रमाणात कामगाराच्या छातीत गेलेला असतो. इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचे शहर नैसर्गिक वालुकाश्माच्या चाकांवर उभे राहिले. तेथील डॉक्टर नाइट यांच्या निरीक्षणानुसार कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे, तर ओल्या चाकावर काम करणाऱ्यांचे फार तर ४५ वर्षांचे असे. एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात ही माहिती उद्धृत केली आहे. दगडातील सिलिकाची धूळ हे त्याचे कारण होते. कृत्रिम चाकांत मुक्त सिलिका नगण्य असल्याने सिलिकोसिसचा धोका पुष्कळ घटला, पण जेथे नैसर्गिक दगडाची चाके अद्याप वापरली जातात तेथे तो कायम आहे. कार्बाइडच्या धुळीतील कोबाल्टही फुप्फुसांना अपायकारक असतो.

दुसरा धोका वेगाचा. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८०० फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असतो. तडा गेलेले चाक या वेगाने फुटले तर त्याचे तुकडे प्राणघातक ठरतात. म्हणून नवे चाक बसवण्यापूर्वी ते टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहतात. खणखणीत नाद आला तर चाक अखंड, बद्द आवाज आला तर तडा. हत्यार टेकवण्याची पट्टी आणि चाक यांतील अंतर ३ मिलिमीटरहून अधिक नसावे, अन्यथा हत्यार आत ओढले जाते. चष्मा न घालता दोन मिनिटांसाठी ग्राइंडरसमोर उभे राहणे ही तर इतकी रूढ सवय आहे, की डोळ्यात कण गेल्याची तक्रारही कोणी अपघात म्हणून नोंदवत नाही.

या धोक्यांची दखल कायद्याने फार पूर्वी घेतली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३० नुसार ग्राइंडिंग चालणाऱ्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित वेग दर्शवणारी सूचना कायमस्वरूपी लावणे बंधनकारक होते आणि कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाविषयी होते. विजेचा वापर असल्यास दहा कामगारांच्या ठिकाणाला हा अधिनियम लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा वीस करण्यात आली आहे, तर आस्थापना म्हणून संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी दहा व अधिक कामगारांना लागू आहेत. सिलिकोसिस हा अधिसूचनीय रोगांच्या यादीत या संहितेतही आहे.

चार-सहा माणसांची यंत्रशाळा जुन्या कायद्याच्या कक्षेत सामान्यतः येत नव्हती आणि नव्या संहितेच्या सर्वसाधारण तरतुदींतही ती येत नाही. ग्राइंडर मात्र अशा जवळजवळ प्रत्येक यंत्रशाळेत असतो, बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात, आणि वेग दर्शवणारी पाटी त्याच्याजवळ क्वचितच आढळते.